उरलेली लाइट

कम्युनिटी हा शब्द कुणी माझ्यासमोर काढला की माझं डोकं फिरतं. आधी फिरत नव्हतं. आधी तो शब्द ऐकून मला गुदगुल्या व्हायच्या, हेही कबूल करते. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं वर्षभर मला त्या नावानं हाक मारली. तुम्ही म्हणजे कम्युनिटी, आम्ही कम्युनिटीच्या पाठीशी आहोत. मी एकटी बाई, सास्तूरच्या घरात स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी टेबल टाकून काम करणारी. पण पाठीशी उभं राहायचं तर पुढं कुणीतरी लागतंच, म्हणून त्यांनी मला पुढं उभं केलं.

त्यांच्या वेबसाइटवर माझी गोष्ट 'बैलगाडीच्या वाटेवरून' अशी सुरू होते. ती वाट कुठली ते मला अजून सापडलेलं नाही. खरी गोष्ट विहिरीपासून सुरू होते, म्हणून मी तिथून सांगते.

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि त्यांच्या धाकट्या भावाला धाकटे मामा. सुनेनं असं म्हणायची आमच्याकडं रीत आहे. दोघांची शेतं शेजारी, विहीर एकच, आठ आठ आणे हिस्सा, मोटारी दोन. एक दिवस आमची मोटर चालायची, एक दिवस त्यांची. ऐकायला सोपं वाटतं. पण शेतीची लाइट म्हणजे दिवसाचे आठ तास, आणि त्या आठ तासांत ती किती वेळा जाईल हे वायरमनलाही सांगता येत नाही. म्हणून आमच्या भागात पाण्याची पाळी घड्याळावर मोजत नाहीत, लाइटवर मोजतात. माझ्या दिवशी तीन तास लाइट गेली तर माझं पाणी बुडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी तीन तास माझीच मोटर चालणार, मग तुमची पाळी सुरू होणार, आणि तुमचे आठ तास तिथून पुढं मोजायचे. याला उरलेली लाइट म्हणतात. कुठल्या कागदावर हे लिहिलेलं नाही. बापजाद्यांपासून, म्हणजे गावात खांब आल्यापासून, असंच चालत आलंय.

आता लाइट नक्की किती वेळ गेली हे कोण सांगणार? ज्याची गेली तो म्हणणार तास गेला, दुसरा म्हणणार दहा मिनिटं. आमच्या घरात यावरून जे रामायण झालं ते मी नव्या नवरीच्या डोळ्यांनी पाहिलंय. एकदा दोघं सख्खे भाऊ, पन्नाशी ओलांडलेले, एकाच स्टार्टरच्या दांड्याला धरून उभे होते आणि सोडायला कुणीच तयार नव्हतं. त्यानंतर बोलणं बंद. दिवाळीचा फराळ बंद. धाकट्या आत्या, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, नळावर मी दिसले की घागर अर्धी भरूनच निघून जायच्या.

मी उमरग्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि लग्नाआधी सोलापुरात एका दुकानात मोटारीची पॅनेल जोडत होते. कोड लिहायला व्हिडिओ बघून शिकले. मी एक तळहाताएवढा बोर्ड तयार केला. तिन्ही फेज आहेत का ते तो बघतो आणि लाइट असलेला वेळच मोजतो. ज्याची पाळी त्याचाच स्टार्टर लागू देतो. कुणाची किती उरलेली लाइट आहे ते मोबाइलवर दाखवतो, आणि पाळी बदलली की दोन्ही घरी मिस कॉल देतो. माझ्या नवऱ्यानं विहिरीवर पत्र्याची पेटी ठोकून दिली, त्यात तो बसवला.

पहिला महिनाभर धाकटे मामा पेटीसमोर पहारा देत बसले. वहीत लिहायचे, मी विहिरीवर आले की माझ्याशी ताडून बघायचे. एक मिनिटाचा फरक निघेना. त्यांच्याकडं बटणांचा फोन, त्यावर फक्त मिस कॉल यायचा, बाकी काय असेल ते तिथंच मला विचारायचे. महिना झाल्यावर ते आमच्या दारात आले. कित्येक वर्षांनी आले होते. मामा आतल्या खोलीत होते, त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं मला म्हणाले, "आजपास्नं तू सांगशील तेवढी लाइट. मला दुसऱ्या कुणाला इचारायचं न्हाय. समद्या गावात सांगून आलोय म्या."

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगायला मी लाजत नाही. डिप्लोमाचा निकाल लागला तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता. त्या एका वाक्यावर दोन घरं पुन्हा बोलायला लागली. धाकट्या आत्या घागर पूर्ण भरायला लागल्या. यंत्रावर नव्हे, माझ्या शब्दावर सगळं उभं होतं, आणि मला ते माहीत होतं.

कोड मी इंटरनेटवर उघडा ठेवला. म्हणजे कुणीही बघावा, घ्यावा, बदलावा, बदल चांगला वाटला तर मला पाठवावा, मी वाचून मंजूर करणार. मी दुसऱ्यांचा असाच उघडा कोड वाचून शिकले होते, फुकट मिळालेलं फुकट द्यावं एवढीच माझी अक्कल. तामलवाडीच्या एकानं नेला, त्याच्या विहिरीत चार हिस्सेदार होते, ते गणित त्यानंच बसवून मला परत पाठवलं. सीमेपलीकडच्या एकाचा फोन यायचा, तो अर्धं कानडीत बोलायचा, अर्धं हिंदीत, पण बोर्ड त्याचा नीट चालायचा. महिन्या-दोन महिन्यांत एखादा बदल यायचा. मी तो स्वतः विहिरीवर नेऊन आठ दिवस चालवून बघायची आणि मगच मंजूर करायची.

मग कंपनी आली.

ही कंपनी शेतकऱ्यांना मोटारीचं ॲप विकते. त्यांच्या ॲपच्या पोटात माझा कोड होता, अगदी तळाशी बारीक अक्षरांत माझा उल्लेखही होता. त्यात काही गैर नव्हतं, मी तशी मुभाच दिली होती. पण एक दिवस पांढऱ्या गाडीतून दोघंजण दारात उतरले. त्यातला एक कम्युनिटी मॅनेजर म्हणवायचा. गुळगुळीत मराठी, वाक्यागणिक 'ॲक्च्युअली', आणि मला एकदा मॅडम, एकदा ताई. त्यानं पहिला प्रश्न काय विचारावा? "ताई, बैलगाडी आहे का?" म्हटलं, कशाला? तर म्हणे फोटोला, तुम्ही गाडीत लॅपटॉप घेऊन बसलेल्या. मी म्हटलं, आमच्याकडं लॅपटॉप बैलगाडीतून नेत नाहीत, मोटारसायकलवरून नेतात. त्याचं तोंड पडलं. शेवटी शेजारची गाडी आणलीच आणि मला तीत बसवलंच. बैलांनासुद्धा लाज वाटली असेल.

मग म्हणाला, "आम्ही ओपन सोर्सला सपोर्ट करतो. तुम्हाला काय मदत हवी?"

मी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, जादा बोर्ड द्या, म्हणजे विहिरीवरचा बोर्ड न काढता नवे बदल तपासता येतील. दोन, एक असा माणूस द्या जो बदल मंजूर होण्याआधी खऱ्या मोटारीपाशी, खऱ्या लाइटीवर, आठ दिवस बसेल. त्यानं सगळं टिपून घेतलं, माना डोलावल्या.

महिन्याभरानं खोकं आलं. त्यात टी-शर्ट निघाले, कॉफीचा मग निघाला, चिकटवायची चित्रं निघाली. बोर्ड नव्हता. फोन केला तर म्हणाला, हार्डवेअर आमच्या योजनेत बसत नाही. माणसाचं विचारलं तर म्हणाला, माणसं देतोय ना, भरपूर देतोय. टी-शर्टावर इंग्रजीत 'आपण मिळून घडवतो' असं होतं. मामांनी तो फवारणीला घालायला घेतला.

माणसं खरोखरच भरपूर आली. त्यांच्या कंपनीत योजना होती: प्रत्येक कर्मचाऱ्यानं आठवडाभर ओपन सोर्सची सेवा करायची, आणि जितके बदल मंजूर होतील तितके गुण. माझा प्रकल्प त्यांनी सेवेसाठी निवडला होता, कारण तो लहान होता आणि फोटोत बरा दिसत होता. रोज सकाळी भाकऱ्या आटोपून मी लॅपटॉप उघडला की ढीग पडलेला असायचा. कुणी स्वल्पविराम हलवलाय. कुणी रिकामी ओळ काढलीय. कुणी माझ्या कोडातली मराठी नावं काढून इंग्रजी घातलीत, का तर म्हणे वाचायला सोपं. कुणाला सोपं? शेकड्यांनी बदल, आणि ते पाठवणाऱ्यांतल्या एकानंही कधी मोटारीच्या स्टार्टरला हात लावलेला नव्हता. मी वाचायची, परत पाठवायची, समजावून सांगायची. पूर्वी आठवड्यात तासभर लागायचा, आता दुपार जायची. आणि याला ते मदत म्हणत होते.

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं का? होतं. पण सांगितलं ना, गुदगुल्या व्हायच्या. पुण्याची मुलं माझं नाव घेऊन इंग्रजीत आभार मानत होती. सोलापूरच्या दुकानात ज्या मालकानं मला कधी चहाला विचारलं नाही, त्याच्यापर्यंत हे पोचावं असं फार वाटायचं. त्या लोकांनी मला फशी पाडलं असं मी सगळ्यांना सांगत फिरते, पण पडायला मी तयारच बसले होते.

मग सत्काराचं ठरलं. उमरग्याला हायवेलगत एक मंगल कार्यालय घेतलं होतं. कार्यक्रमाच्या सकाळी मॅनेजर माझ्याकडं आला आणि म्हणाला, ताई, स्क्रीनवर तुमचा प्रकल्प दाखवणार आहोत, त्यात बाकी राहिलेल्या बदलांची यादी मोठी दिसतेय, बरं नाही दिसत. तेवढी संपवून टाका ना. सगळे आमच्या दोन-दोन सीनियर लोकांनी तपासलेले आहेत.

नवरीच्या खोलीत मला बसवलं होतं. समोर लॅपटॉप, आणि कंपनीची एक मुलगी खाली बसून माझ्या साडीच्या निऱ्या सारख्या करत होती. दहा-बारा बदल होते. त्यातल्या एकाचं शीर्षक होतं: वेळापत्रक घसरण्याची चूक दुरुस्त केली. बाजूला दोन हिरव्या खुणा, म्हणजे दोघांनी बघून बरोबर म्हटलेलं. अरे, वेळापत्रक घसरतं तेच तर खरं काम आहे! ते घसरतं म्हणून तर कुणाचं पाणी बुडत नाही. एरवी हे मला झोपेतही कळलं असतं. पण मी शीर्षक वाचलं, हिरव्या खुणा पाहिल्या, बाहेर माइक तपासताना कुणीतरी माझं नाव घेत होतं ते ऐकलं, आणि मंजूर केलं. विहिरीवरचा बोर्ड मंजूर झालेला बदल आपोआप उतरवून घेतो. तसं मीच ठेवलं होतं, सोय म्हणून.

स्टेजवर मोठी भाषणं झाली. गावाच्या मातीतून जगाकडं वगैरे. मला काचेची ट्रॉफी दिली, शाल दिली. मी दोन शब्द बोलले तेव्हा मॅनेजर सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवत होता. त्याच दिवशी, त्याच दुपारी, सास्तूरला डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज जळाला आणि शेतीची लाइट गेली. पाळी धाकट्या मामांची होती.

मला हे माहीत नव्हतं. संध्याकाळी उशिरा आम्ही परतलो, घरची लाइट वेगळ्या लाइनवर असते, ती चालू होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅनेजरशी व्हिडिओ कॉलवर होते. त्याला माझी 'यशोगाथा' लिहायची होती आणि तो मला विचारत होता की लहानपणी मला संगणकाचं स्वप्न पडायचं का. तेवढ्यात धाकटे मामा दारात आले. चप्पल बाहेर काढून उंबऱ्यातच उभे राहिले.

"माझी उरलेली लाइट हाय का गं?"

मी माइक बंद केला, मोबाइल उघडला. शून्य.

"न्हाय मामा. शून्य दाखवतंय."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी वळून चप्पल पायात सरकवली. मग "बरं" म्हणाले आणि गेले. मी माइक चालू करून स्वप्नाचं सांगायला लागले.

या चार-पाच ओळी मी किती वेळा मनात पुन्हा चालवल्या असतील! कोडबरोबर जे लायसन्स लावतात त्यात साफ लिहिलेलं असतं की याची कसलीही हमी नाही, वापरायचं तर आपल्या जबाबदारीवर. ते मीच चिकटवलं होतं. सगळ्या जगाला मी लेखी सांगितलं की हमी नाही, आणि ज्या एका माणसानं माझ्यावर भरवसा ठेवला त्याला तोंडानं हमी दिली. काल काय झालं, लाइट गेली होती का, एवढं तरी विचारायचं. पण मला स्वप्नाचं सांगायची घाई होती.

पुढच्या तीन आठवड्यांत आणखी दोनदा तासन्‌तास लाइट गेली. दोन्ही वेळा दिवस धाकट्या मामांचा. ते विचारायला आले नाहीत. मला वाटलं, कामात असतील. धाकट्या आत्यांनी बाजारासाठी मेथी-कोथिंबिरीचे वाफे टाकले होते, ते करपले असं नळावर कुणीतरी म्हणालं. मी म्हटलं, ऊन किती आहे यंदा! घागर भरून धाकट्या आत्या माझ्याशी बोलल्या, हसल्यासुद्धा. मला काही कळलं नाही. मी यशोगाथेचा मसुदा तपासत होते.

मग एका दुपारी आमच्या दिवशी लाइट गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा वाघासारखे आले. "माझी दोन तास लाइट उरलीया आन् मोटर त्याची चालली! काय केलंयस मशिनीला?"

मी बघितलं. उरलेली लाइट: शून्य. या वेळी मात्र मी लॅपटॉप उघडला आणि पंधरा मिनिटांत घोडं कुठं पेंड खातंय ते सापडलं. एका पोरानं लाइट गेलेला वेळ पुढं नेणाऱ्या सगळ्या ओळी काढून टाकल्या होत्या आणि खाली अभिमानानं लिहिलं होतं: 'आता पाळी रोज ठरल्या वेळी बदलते. आमच्या ऑफिसात दोन दिवस तपासलं.' त्यांच्या ऑफिसात लाइट जाते हे त्यांच्या पंख्यालासुद्धा कळत नाही, जनरेटर आधीच चालू होतो. ज्याची लाइट जन्मात गेली नाही त्याला उरलेली लाइट म्हणजे चूक वाटणारच. पण तो पोरगा होता. हिरव्या खुणा करणारे दोघं कोण होते? आणि मंजूर करणारी मी कोण होते?

मामांना सांगितलं, "मामा, धाकट्या मामांच्या दिवशी तीनदा लाइट गेली, तेव्हाही असंच झालं. त्यांचं पाणी आपण घेतलं."

मामांनी दुसरीकडं बघितलं. "तवा मशीन न्हाय म्हणलं, म्या गप बसलो. आता उकरून काढू नगंस. सांगितलंस तर आपुन चोर ठरतो."

"तुम्हाला माहीत होतं त्यांची लाइट गेलेली?"

"खांब का वेगळा हाय त्याचा?" एवढं म्हणून ते उठून गेले. सासऱ्यांवर मी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी त्यांना मी ताट वाढलं नाही.

आधी कंपनीला फोन लावला. मॅनेजरनं शांतपणे ऐकून घेतलं. त्याचं शिक्षणच तसं झालेलं असतं. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे चुकीसाठी कुणाला दोष देत नाहीत, ते आमच्या संस्कृतीत नाही. आणि ही तशी क्वचित घडणारी परिस्थिती आहे."

"लाइट जाणं?"

"म्हणजे, ॲक्च्युअली, एज केस."

"आणि तुमचे ग्राहक? त्यांच्याही मोटारी अशाच चुकल्या असतील."

"नाही नाही, त्यांचं आम्ही लगेच जुन्या पद्धतीवर नेलं. दुसऱ्याच दिवशी तक्रारी आल्या होत्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. दुसऱ्याच दिवशी. म्हणजे ज्या सकाळी हा माणूस मला स्वप्नांविषयी विचारत होता त्या दिवशी यांना कळलं होतं, यांनी आपलं घर सावरून घेतलं होतं, आणि माझा कोड तसाच सडत ठेवला होता. "मला का नाही सांगितलं?" म्हणून विचारलं तर म्हणाला, तुमच्या यादीत नोंदवायचं राहून गेलं, कम्युनिटीनं कळवलं असतं तर बरं झालं असतं. यावर मी जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. त्यात पुण्याचं एकही वाक्य नव्हतं. त्यानं फोन ठेवला आणि दोन दिवसांनी मला एक ईमेल आला, की ओपन सोर्समध्ये सौजन्य राखणं सर्वांची जबाबदारी आहे.

त्यांच्या वेबसाइटवर मी अजून त्या गाडीत बसलेली आहे. खाली लिहिलंय: आम्ही हिच्या पाठीशी उभे आहोत. काढा म्हणून तीनदा लिहिलं. मोहिमेची मुदत संपल्यावर काढू म्हणतात. त्यांचे सगळे बदल मी पुसून टाकले, तामलवाडीवाल्याचा ठेवून. कंपनीची वाट बंद करून टाकली. तामलवाडीला, सीमेपलीकडं, जिथं जिथं बोर्ड होते तिथं स्वतः फोन करून माफी मागितली. ते लोक भले. एकजण म्हणाला, आम्हाला तर दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, आम्ही बोर्ड बंद करून भांडून घेतलं. ते ऐकून मला त्याचा हेवा वाटला.

राहिले धाकटे मामा.

मोबाइलवरून मी आमची मोटर बंद केली आणि तिन्ही वेळची लाइट, तारीखवार काढून, त्यांच्या नावावर घातली. मग लॅपटॉप काखेत मारून त्यांच्या घरी गेले. मामांना विचारलं नाही. धाकटे मामा ओसरीवर पाइपाच्या जोडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळत होते. त्यांनी हातातलं काम ठेवलं नाही, पण माझ्यासाठी पोतं पुढं सरकवलं.

मी सगळं सांगितलं. पुण्याचा पोरगा, हिरव्या खुणा, मंगल कार्यालय, निऱ्या. माझी चूक कुठं झाली तेही सांगितलं. लॅपटॉप उघडून ती ओळ दाखवली, तिची तारीख दाखवली. त्यांना इंग्रजी येत नाही, पण त्यांनी वाकून बघितल्यासारखं केलं.

मग म्हणाले, "त्या दिशी लाइट दुपारी गेली ती दिवस मावळला तरी आली न्हाय. म्या मोटारीपाशीच बसून हुतो. तुला इचाराया आलो तवा मला ठावं हुतं किती उरलीया."

"मग बोलला का नाही मामा? मला शिव्या द्यायच्या, भांडायचं."

"कसं भांडू? गावात म्याच सांगितलं हुतं, सून म्हणंल ती लाइट. तू दोन बार न्हाय म्हणलीस. मंग म्या समजून घेतलं."

"काय समजून घेतलं?"

त्यांनी ट्यूबची पट्टी ताणून गाठ मारली. "तुला त्या घरात ऱ्हायचंय, पोरी. दादाच्या चुलीवर जेवायचंय. सुनेनं घराकडनंच बोलावं. तुज्या जागी म्या असतो तर म्या बी न्हायच म्हणलो असतो. त्याचा राग म्या एक दिस धरला न्हाय. हिला बी सांगितलं, तिच्याशी नीट बोलत जा म्हणून."

आतून धाकट्या आत्या मान डोलावत होत्या.

मी म्हटलं, "मामा, मी खोटं नाही बोलले. मला खरंच शून्य दिसत होतं. यंत्रातच चूक होती."

"असंल की. तुमच्या दिशी लाइट गेली आन् चूक घावली. घावली ते बरं झालं."

टोमणा असता तर मी टोमण्यानं उत्तर दिलं असतं. तसला सूरच नव्हता. ते खरोखर माझी अडचण समजून बोलत होते. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, ऑफिस, जनरेटर, दोन दिवस तपासलेलं. माझा आवाज चढत गेला, आणि मी जितकं जास्त सांगत होते तितकं ते जास्त मायेनं मान हलवत होते. मलाच माझं बोलणं बनावट वाटायला लागलं. अशी कंपनी असते, जी मदत करायला येते आणि चालतं ते मोडून जाते, असा कुठला माणूस, कुठल्या गावचा, विश्वास ठेवील?

"झालं गेलं सोड," ते म्हणाले. "चा घे."

धाकट्या आत्यांनी चहा आणला. मी तो प्याले, आणि कधीच न बोललेल्या खोट्याची माफी पदरात घेऊन घरी आले.